विहिरीच्या भिंतीवरचा हंसराज: ओळख, लागवड आणि औषधी उपयोग

प्रश्न असा आहे. वाई तालुक्यातल्या गावी वडिलोपार्जित दगडी विहीर आहे. तिच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वरच्या दोन-चार थरांत, काळ्याभोर बारीक काड्यांचा एक नाजूक नेचा बारा महिने हिरवा असतो. आत्या त्याला हंसराज म्हणतात आणि घरात कुणाला खोकला झाला की त्याचा काढा करायच्या. तो हंसराजच का? ठाण्याच्या गॅलरीत लागेल का? काढा घ्यावा का, केस गळण्यावर उपयोग होतो म्हणतात ते कितपत खरं? शिवाय विहिरीची डागडुजी काढली आहे आणि गवंडी म्हणतोय की भिंत खरवडून सिमेंटचा गिलावा करू. मग या नेच्याचं काय करायचं?

मी सावलीतली झाडं, त्यातही मुख्यतः नेचे, वाढवून विकते. वनस्पतिशास्त्र शिकलेली आहे, वैद्य नाही. त्यामुळे लागवडीबद्दल हक्काने सांगेन आणि औषधाबद्दल बेताने.

गवंड्याचं आधी घेते, कारण एकदा काम सुरू झालं की सांगून उपयोग नाही. विहिरीची भिंत फोडणारी झाडं म्हणजे पिंपळ, वड आणि उंबर. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, दगडांच्या सांध्यात रुजतं, मूळ वर्षागणिक जाड होत जातं आणि शेवटी दगड जागचा हलतो. ही रोपं बोटभर असतानाच मुळासकट उपटा. वरून नुसती छाटलीत तर पुढच्या पावसात दुप्पट जोमाने फुटतील. या नेच्याचं तसं नाही. त्याचं खोड दोन-चार मिलिमीटर जाडीचं, सांध्यातल्या मातीत आडवं सरपटणारं, आणि मुळं अगदी बारीक. नेच्याच्या मुळा-खोडाला लाकूड धरत नाही, वर्षागणिक ती जाडही होत नाहीत, त्यामुळे दगड ढकलण्याची ताकद त्याच्यात येतच नाही. सांध्यातून चुना आधीच झडला असेल तर तिथे तो बसतो. चुना तो झाडत नाही.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल तर नेचा बाजूला ठेवूनही माझं मत वाईटच आहे. दगडांच्या सांध्यांतून विहिरीत पाणी पाझरत असतं. ती वाट सिमेंटने बुजवली की पावसाळ्यात मागे पाणी साठतं, गिलावा फुगतो आणि दोन-चार वर्षांत पोपडे सुटायला लागतात. सांधे खरोखर पोकळ झाले असतील तेवढ्या जागी चुना-वाळूच्या दरजा भरून घ्या. चुन्याचं काम जाणणारा गवंडी हल्ली शोधावा लागतो, पण सापडतो. नेचा दाट आहे तो हातभर पट्टा तसाच ठेवायला सांगा आणि तिथे तारेचा ब्रश चालवू देऊ नका. काही दगड काढावेच लागले तर सांध्यातलं ढेकूळ नेच्यासकट निघेल. ते फेकू नका, खाली लागवडीत त्याचं काम आहे.

आता ओळख. हंसराज या नावाखाली गावोगावी आणि काष्ठौषधींच्या दुकानांत चार-पाच वेगवेगळे नेचे चालतात. म्हणून नाव बाजूला ठेवून पान हातात घ्यावं लागतं.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ‘बारा महिने हिरवा’. आपल्याकडे घाटातल्या दरडींवर, जांभ्याच्या गडग्यांवर, वाड्यांच्या पडक्या भिंतींवर पहिल्या पावसानंतर जो हंसराज उगवतो तो बहुतेक वेळा वेगळाच असतो: ॲडियँटम फिलिपेन्स, जुन्या पुस्तकांत ॲडियँटम लुन्युलेटम. त्याच्या एकाच काडीवर दोन्ही बाजूंना अर्धचंद्राकार पानं ओळीने लागतात. काडीचं टोक लांब वाढतं, जिथे मातीला टेकतं तिथे मूळ धरतं आणि तिथून नवं रोप सुरू होतं. पण पाऊस ओसरला, ऊन तापलं की दिवाळीच्या आगेमागे तो वाळून जातो आणि ज्येष्ठापर्यंत दिसत नाही. आयुर्वेदिक औषधसंहितेत हंसपदी म्हणून नोंदलेली वनस्पती ही.

तुमच्या विहिरीतला वैशाखातही हिरवा राहतो. काड्या काळ्या, गुळगुळीत, चमकणाऱ्या. त्यांना दोन-तीनदा फाटे फुटलेले. आणि फाट्यांच्या टोकांना लांबून कोथिंबीर वाटावी अशी छोटी पानं. असं असेल तर तो ॲडियँटम कॅपिलस-व्हेनेरिस असण्याचा संभव मोठा आहे. लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं. दक्षिण युरोप, आफ्रिका, इराण, हिमालय, अमेरिका असा त्याचा पसारा आहे. नैनिताल-मसुरीकडे रस्त्याकडेच्या पाझरत्या भिंतींवर तो सहज दिसतो. मैदानी मुलखात मात्र त्याला उन्हाळा सोसत नाही, म्हणून तो जुन्या विहिरींच्या आत उतरतो.

खात्री करायची तर एक पान खुडून उजेडात धरा. छोट्या पानाला मधली शीर नसते. देठापासून निघालेली शीर दोनात फुटते, ते दोन पुन्हा दोनात, आणि असं करत सगळ्या शिरा कडेपर्यंत जातात. आता पान उलटं करा. पक्व पानाच्या वरच्या कडेला तपकिरी, लांबट घड्या दिसतील. कड मागच्या बाजूला दुमडलेली असते आणि बीजाणू, म्हणजे नेच्यात बियांचं काम करणारी बारीक धूळ, त्या दुमडीच्या आतल्या अंगाला लागतात. हे ॲडियँटमचं खास लक्षण आहे. इतर बऱ्याच नेच्यांत ते पानाच्या पाठीवर उघडे किंवा वेगळ्या पापुद्र्याखाली असतात. पानावर पाण्याचा थेंब टाकून पाहा: तो गोल होऊन घरंगळतो आणि पान कोरडंच राहतं. ही परीक्षा मजेशीर आहे, पण तिच्यावरून फक्त घराणं कळतं, जात कळत नाही.

जातीसाठी सराफ वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. नर्सरीत ‘मेडनहेअर’ म्हणून मिळतो तो बहुधा दक्षिण अमेरिकेतला ॲडियँटम रॅडिअ‍ॅनम. दिसायला हुबेहूब, लांबून मलाही फरक सांगता येणार नाही. बीजाणू नसलेल्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात तिथे भिंग लावा. शीर दात्याच्या टोकात जाऊन संपत असेल तर कॅपिलस-व्हेनेरिस. दोन दात्यांमधल्या खाचेत संपत असेल तर रॅडिअ‍ॅनम. शिवाय रॅडिअ‍ॅनमच्या मागच्या घड्या गोलसर, खाच पडलेल्या असतात, लांबट नाहीत. हा फरक शोभेच्या कुंडीसाठी बिनमहत्त्वाचा आहे. काढ्यासाठी मात्र महत्त्वाचा, आणि मातीसाठीही.

अजून एक शेजारी ओळखून ठेवा, कारण तो त्याच भिंतीवर असतो आणि बारमाही हिरवाही असतो: टेरिस व्हिटाटा. जुने पूल, गटारांच्या भिंती, चुन्यातल्या विहिरी, सगळीकडे. त्याची पानं लांब, पट्टीच्या आकाराची, राकट. टोकाला एक लांबच लांब पट्टी. बीजाणू दोन्ही कडांना सलग रेघेत. २००१ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की हा नेचा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो. आर्सेनिक मिसळलेल्या मातीत वाढवल्यावर त्याच्या पानांच्या कोरड्या वजनात २ टक्क्यांहून जास्त आर्सेनिक भरलं. तुमच्या विहिरीत आर्सेनिक आहे असं मला म्हणायचं नाही. पण ‘भिंतीवरचा नेचा, म्हणजे औषधी’ या समजुतीवर जो तो मूठभर पाला खुडून उकळतो, त्याने हे लक्षात ठेवावं.

मयूरशिखा हे तिसरं नाव तुम्ही ऐकलं असेल. गडांच्या तटबंदीत, उन्हाने भाजणाऱ्या कातळाच्या फटींत वाढणारा वीतभरही उंच नसलेला नेचा, ॲक्टिनिऑप्टेरिस. उन्हाळ्यात मुडपून तपकिरी होतो, पाऊस पडला की त्याच पानांनी पुन्हा हिरवा. त्याचं राहणीमान अगदी उलटं आहे, म्हणून इथे सोडून देते.

तुमचा हंसराज विहिरीतच का राहतो हे नीट कळलं की लागवडीचं निम्मं काम होतं. पहिली गोष्ट सावली, पण अंधार नव्हे. विहिरीच्या तोंडातून आभाळाचा उजेड दिवसभर येतो, ऊन फार तर दुपारी थोडा वेळ एखाद्या बाजूला लागतं. दुसरी ओल. भिंत सतत पाझरते, पण पाणी मुळाशी साचत नाही, वाहून खाली जातं. हवाही दमट आणि थंड. तिसरी गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे चुना. हा नेचा चुनखडीचा आहे. आयर्लंडमधल्या बरेनच्या चुनखडी पठारावर, इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या कड्यांत तो तसाच सापडतो: चुना, पाझर, थंडी-उन्हापासून आडोसा. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात चुनखडीचे कडे नाहीत. ती उणीव जुन्या गवंड्यांनी सांध्यांत भरलेल्या चुन्याने आणि क्षारयुक्त पाण्याच्या पाझराने भरून काढली. त्यामुळे विहिरी बुजल्या, सिमेंटच्या झाल्या किंवा आजूबाजूच्या बोअरवेलनी पाण्याची पातळी खाली नेऊन भिंती कोरड्या पडल्या, की पहिल्यांदा नाहीसा होतो तो हा नेचा. भिंतीवर तो टिकून आहे याचा अर्थ पाझर अजून जिवंत आहे. विहीर विकत घेणाऱ्याने पाहावी अशी ही खूण आहे, असं मी थट्टेने नाही म्हणत.

ठाण्याच्या गॅलरीत लागेल का? लागेल, पण गॅलरी कुठल्या दिशेची त्यावर. उत्तर उत्तम, पूर्व चालेल, पश्चिम सोडून द्या. एसीचं बाहेरचं यंत्र त्याच गॅलरीत असेल तर तिथेही नको. त्या गरम झोताने पानं एका दुपारीत चुरचुरीत होतात. अशा घरात न्हाणीघराची उजेडाची खिडकी बरी.

भिंतीवरून ओरबाडून आणलेलं रोप सहसा जगत नाही. मुळं सांध्यात रुतलेली असतात, ती तुटतात, आणि हातात येतो तो फक्त पाला. म्हणूनच दुरुस्तीत सुटलेलं ढेकूळ जपा म्हटलं. ढेकूळ जसंच्या तसं, माती न झाडता, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा. अर्धी-अधिक पानं बुंध्यापासून कापून टाका, म्हणजे मुळांवर भार कमी पडेल. आषाढात हे काम केलंत तर यश जास्त.

मातीचं मिश्रण: निम्मं कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत, बाकीच्या निम्म्यात जाड वाळू, विटांचा चुरा आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्याचे बोराएवढे तुकडे. पडक्या वाड्याच्या राडारोड्यात असे तुकडे फुकट मिळतात. नाहीच मिळाले तर फरशीवाल्याकडून संगमरवराची बारीक खडी आणा. विड्याच्या पानाला लावायचा चुना मात्र घालू नका, तो मुळं जाळतो. ताज्या सिमेंटचा चुराही नको. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं रोप आधी छान दिसतं आणि मग थांबतं. ठाण्या-मुंबईचं नळाचं पाणी धरणातलं, त्यात क्षार कमी, त्यामुळे तिथे मिश्रणातल्या चुन्याला जास्त महत्त्व. पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं पाणी येतं म्हणून बाकीच्या झाडांच्या पानांवर पांढरे डाग पडतात, लोक वैतागतात. या एका झाडाला ते पाणी मानवतं. रॅडिअ‍ॅनम लावत असाल तर उलट: चुना वगळा, त्याला किंचित आम्ल माती बरी.

कुंडी मातीची आणि उथळ घ्या. त्या कुंडीला अजून एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि दोन्हींमधल्या फटीत वाळू भरा. पाणी त्या वाळूला घालायचं. आतली कुंडी भिंतीतून ओल ओढत राहते, मुळाशी चिखल होत नाही आणि भोवतीची हवाही गार राहते. विहिरीच्या भिंतीची ही मला जमलेली सगळ्यात जवळची नक्कल. लावताना खोड पुरू नका. ते मातीच्या पृष्ठभागालगत आडवं, अर्धं उघडं राहिलं पाहिजे. सोनेरी-तपकिरी लव असलेलं टोक दिसतं, तिथूनच नवी पानं गुंडाळीतून उलगडत येतात. ते टोक मातीखाली गेलं तर कुजतं.

पानांवर दिवसातून दोनदा पाण्याचे फवारे मारणारे बरेच जण भेटतात. पानावर पाणी ठरत नाही हे वर सांगितलंच, त्यामुळे फवाऱ्याने थोडा वेळ हवा दमट होते एवढंच. त्यापेक्षा दहा कुंड्या एकत्र ठेवा. माती कधीच पूर्ण कोरडी होऊ द्यायची नाही, हा एकच कडक नियम. लग्नाला चार दिवस गावी गेलात आणि परत येऊन सगळं वाळलेलं दिसलं तर टाकून देऊ नका. सगळी पानं बुंध्यालगत कात्रीने कापा, कुंडी सावलीत ठेवून ओलसर ठेवा. खोड जिवंत असेल तर काही आठवड्यांत नव्या गुंडाळ्या वर येतात. खत अगदी पातळ, पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथ्या हिश्शाने, तेही पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला. कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी या पानांना सोसत नाही, कडा करपतात. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आली तर ते पान कापून टाकणं सोपं. पावसाळ्यात गोगलगायी कोवळ्या गुंडाळ्या खातात, त्यांना रात्री बॅटरी घेऊन वेचा.

ढेकूळ निघालं नाही, तरी विहिरीला धक्का न लावता रोपं करता येतात. बीजाणूंपासून. हे मला स्वतःला सगळ्यात आवडणारं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मागच्या घड्या तपकिरी झालेलं, पण अजून वाळलेलं नाही असं एखादंच पान आणा. पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून वर पुस्तक ठेवा. एक-दोन दिवसांत कागदावर तपकिरी धूळ पडेल. कागद किंचित तिरपा करून टिचकी मारलीत तर मोठा कचरा आधी घरंगळतो आणि बारीक धूळ मागे चिकटून राहते. आपल्याला ती बारीक धूळ हवी. आता भाजक्या मातीची साधी वीट घ्या, तिच्यावर उकळतं पाणी ओता म्हणजे शेवाळाचे आणि बुरशीचे बीजाणू मरतील. गार झाली की पसरट भांड्यात दोन बोटं पाण्यात उभी ठेवा. वीट पाणी शोषून वरपर्यंत ओली झाली की कागद तिच्यावर धरून हलकी टिचकी मारा. धूळ दिसेल इतकी पडली तर जास्त झाली. वर काचेची बरणी किंवा पारदर्शक डबा उपडा घाला आणि उत्तरेच्या खिडकीत ठेवून द्या. भांड्यातलं पाणी आटू द्यायचं नाही.

काही आठवड्यांत विटेवर हिरवी झाक येते. ती शेवाळं वाटून पुसून टाकू नका! अजून थोडे दिवस गेले की भिंगातून हृदयाच्या आकाराच्या काही मिलिमीटरच्या हिरव्या चकत्या दिसतात. नेच्याच्या आयुष्यातली ही मधली पिढी. चकतीच्या पाठीमागे नर आणि मादी अवयव असतात आणि नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहून मादीपेशीपर्यंत जाते. म्हणून या टप्प्यावर डबा उचलून बारीक तुषार मारायचा, चकत्यांवर पाण्याचा थर राहील इतका. तेवढं केलं नाही तर चकत्या महिनोन्‌महिने तशाच राहतात आणि माणूस कंटाळून वीट फेकून देतो. फलन झालं की प्रत्येक चकतीतून इवलंसं पान वर येतं. पहिलं पान नखाएवढंही नसतं, पण काडी तेव्हापासूनच काळी. दोन-तीन पानं झाली की टोकदार काडीने उचलून वरच्याच मिश्रणाच्या छोट्या कुंडीत लावा आणि डबा रोज थोडा थोडा वेळ उघडा ठेवून बाहेरच्या हवेची सवय लावा. विटेवरून विकण्याजोगी कुंडी व्हायला वर्ष सहज जातं. घाई असणाऱ्याने हा उद्योग करू नये.

आता काढा. या नेच्याला औषधी इतिहास मोठा आहे आणि तो खोटा नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने तो दमा, कावीळ, मूतखडा आणि केस गळणे यांवर सांगितला. युनानीत तो परसियावशान, खोकल्याच्या जोशांद्यात, म्हणजे काढ्यात, ज्येष्ठमधाच्या जोडीने पडतो. चरकाने गळ्याला हितकर अशा दहा वनस्पतींचा जो गण दिला, कंठ्य, त्यात ज्येष्ठमध, पिंपळी, मनुका, रिंगणी यांच्याबरोबर हंसपदी आहे. म्हणजे घसा आणि खोकला या बाबतीत तिन्ही परंपरा एका ठिकाणी येतात. फ्रान्समध्ये माँपेलिये गावचं या नेच्याचं सरबत प्रसिद्ध होतं, ‘कापिलेअर’. ते खोकल्यावर घेत. पुढे ते लंडनच्या कॉफीगृहांत शौकाचं पेय झालं आणि होता होता त्यातून नेचाच गेला, साखरेचा पाक आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी उरलं. नेचा महाग पडायचा तेव्हा युरोपातल्या भिंतींवर उगवणारा अ‍ॅस्प्लेनियम ट्रायकोमेनीस त्याच्या जागी वापरत. तोही काळ्या काडीचा, सदाहरित, गोल पानांच्या जोड्यांचा. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींना दगडी कुंपणांवर दिसतो तो बहुधा तो, हंसराज नव्हे.

मग आत्यांचा काढा बरोबर होता का? कोरड्या खोकल्यात गरम, किंचित बुळबुळीत, गुळाने गोड केलेला काढा घशाला बरा वाटतो, यात मला शंका नाही. त्यातला किती भाग नेच्याचा, किती गुळाचा आणि किती गरम पाण्याचा, ते सांगणं अवघड. केसांचं सांगायचं तर मी सरळ सांगते: काळ्या चमकदार काड्या केसांसारख्या दिसतात, म्हणून केसांवर औषध, असा हा जुना तर्क आहे. उंदरांवर काही प्रयोग झाले आहेत, त्यावरून माणसाच्या टकलाबद्दल बोलता येत नाही. तेलात उकळून लावलात तर नुकसान नाही, अपेक्षा मात्र तेलाएवढीच ठेवा. मूतखड्याचंही तसंच, प्रयोग मुख्यतः प्राण्यांवरचे. पाठीत कळ येत असेल तर सोनोग्राफी आधी.

गर्भवतींनी तो घेऊ नये. पाळी आणण्यासाठी त्याचा पारंपरिक वापर होता, आणि तेवढं कारण मला पुरे वाटतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय रोज काढा सुरू करू नये, कारण प्राण्यांवरच्या अभ्यासांत साखर उतरल्याचं दिसलं आहे. लहान मुलांना घरच्या घरी अंदाजाने देऊ नका. मात्रा वैद्यांनी ठरवायची. ‘नेचा म्हणजे निरुपद्रवी’ असंही समजू नका. महाबळेश्वरच्या पठारावर दिसणारा ब्रॅकन हा नेचाच आहे, त्यात कर्करोगाशी जोडलेलं टॅक्विलोसाइड असतं आणि तो चरून गुरं आजारी पडतात.

आणि तुमच्या विहिरीतला पाला काढ्याला वापरू नका, असंच मी म्हणेन. विहिरीत ब्लीचिंग पावडर पडते, वरच्या शेतातली फवारणी वाऱ्याने उतरते, पारव्यांची विष्ठा भिंतीवरून ओघळते. आत्यांच्या काळी यातलं पहिलं आणि दुसरं फारसं नव्हतं. घ्यायचाच तर ओळखीच्या वैद्यांकडून घ्या. दुकानातून सुका हंसराज आणलात तर पुडा कागदावर पसरून पाहा. सगळ्या काड्या काळ्या किंवा गडद तपकिरी, गुळगुळीत असायला हव्यात. काडीवर केसांसारखी लव असेल, किंवा एकाच काडीच्या दोन्ही बाजूंना पानांची सरळ ओळ दिसत असेल, तर ती त्याच घराण्यातली दुसरी जात आहे. पुड्यात मातीचे खडे आणि शेवाळ निघालं तर परत करा. हिमालयातून येणाऱ्या मालात ॲडियँटम व्हेनस्टमही सर्रास हंसराज म्हणून विकला जातो, आणि सुक्या चुऱ्यात तो वेगळा काढणं दुकानदारालाही जमत नाही.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर काढा कुठल्याही नेच्याचा असो, तो बंद करून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. ती तपासणी मोफत होते.